डावीकडून पहिला खण

ऑफिसात त्यांना पाठीमागे 'राखीव' म्हणत आणि तोंडावर 'सर'. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. पहिलं त्यांना मनातून जास्त आवडायचं, कारण ते त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. 'सर' काय, केस पांढरे झाले की कोणालाही म्हणतात.

कंपनी लिफ्ट बनवायची. प्रत्येक लिफ्टच्या डोक्यावर जेवणाच्या डब्याएवढा एक पत्र्याचा डबा बसवलेला असे, आणि त्यातून शहरातल्या सगळ्या लिफ्ट-कंपन्यांच्या सामाईक कंट्रोल रूमला निरोप जात: आज एकशे चाळीस फेऱ्या झाल्या, दाराला तेल हवंय, चौथ्या मजल्याचं बटण दबून बसलंय. हे निरोप बांधायचे कसे, धाडायचे कसे आणि त्यांची पोच घ्यायची कशी, एवढंच जिचं काम अशी एक लायब्ररी डब्यात होती. राखीवांनी ती बारा वर्षांपूर्वी लिहिली होती आणि तेव्हापासून एकहाती सांभाळली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रॅमनी उचलून वापरावा असा तयार कोडचा संच. हा खुलासा त्यांनी सासरच्या प्रत्येक लग्नकार्यात केला होता. तरी बायकोची मावशी दर भेटीत त्यांना विचारायची, जुनी मासिकं तुम्ही रद्दीत देता की घरी आणता.

आता नावाविषयी. प्रत्येक निरोपाच्या कपाळावर आठ खणांची एक पट्टी असते. खणात एक तरी असतो नाहीतर शून्य, तिसरं काही मावत नाही. या खणांना त्या धंद्यात बिट म्हणतात. निरोप उघडण्याआधीच तो कसला आहे हे सांगणारी ती निशाणं असतात, म्हणून त्यांना फ्लॅगही म्हणतात. लिफ्ट-कंपन्यांच्या समितीने याविषयी एक्केचाळीस पानांची नियमावली काढली होती. तिच्या नवव्या पानावर लिहिलं होतं: खण क्रमांक शून्य, तातडी. आत माणूस अडकला असेल तरच एक करावा. खण क्रमांक एक ते सहा, राखीव. शून्यच ठेवावेत. खण क्रमांक सात, चाचणी. अशा निरोपाची पोच द्यावी आणि निरोप टाकून द्यावा.

पान नऊ त्यांना पाठ होतं, आणि ते पाठ आहे हे कोणाला कळायचं राहिलं नव्हतं. एकदा कोणीतरी मीटिंगमध्ये सुचवलं, तिसरा खण मोकळाच आहे, तर मोठ्या गिऱ्हाइकांच्या लिफ्टना तिथे एक खूण करू या.

"तो राखीव आहे."

"कोणासाठी?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"मग वापरू की."

"ठरलेलं नाही म्हणूनच तर राखीव आहे."

त्या दिवसापासून ते राखीव झाले. घरी तर हे नाव कोणी सांगायचीही गरज नव्हती. कपाटातला खालून दुसरा खण त्यांनी अकरा वर्षं रिकामा ठेवला होता. बायकोच्या साड्या वरच्या दोन खणांत एकमेकींच्या उरावर बसलेल्या, आणि हा खण ओसाड. "पुढे काहीतरी लागेल," असं ते म्हणायचे. "काय लागेल ते एकदा लागू दे तरी," असं ती म्हणायची.

खरं युद्ध मात्र तातडीच्या खणावरून होतं. इतर कंपन्यांनी कधीच ओळखलं होतं की, ज्या निरोपावर तातडीचा एक असतो तो कंट्रोल रूममध्ये आधी उघडतात. मग त्यांच्या लायब्रऱ्या प्रत्येक निरोपावर एक लावू लागल्या. दाराला तेल हवंय, तातडी. आज एकशे चाळीस फेऱ्या झाल्या, तातडी. कंट्रोल रूममध्ये रोज तीन हजार तातडीचे निरोप येत. त्यांच्यामागे राखीवांच्या लिफ्टचे साधे निरोप, बँकेत टोकन घेऊन बसलेल्या पेन्शनरांसारखे, नंबर लागायची वाट बघत.

"सर, एक बिट आहे," विक्रीप्रमुख म्हणायचा. तो चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस होता. प्रत्येक मेलवर तो लाल खूण करून पाठवायचा, वाढदिवसाच्या शुभेच्छांवरसुद्धा. "एका बिटाने तुमचं काय जातंय? गिऱ्हाईक विचारतं, तेलवाला चार दिवसांनी का येतो."

"तेलाला तातडी नसते."

"गिऱ्हाइकाला असते ना."

"पान नऊ," राखीव म्हणायचे.

आणि त्यांच्याकडे पान नऊपेक्षाही भक्कम पुरावा होता. कंट्रोल रूमच्या नोंदींप्रमाणे बारा वर्षांत त्यांच्या डब्यांतून तातडीचे फक्त दोनशे बारा निरोप गेले होते, आणि त्या प्रत्येक वेळी मेकॅनिक जागेवर पोचायला लागलेला वेळ होता शून्य मिनिटं. सरासरी शून्य नव्हे, दर खेपेला शून्य. हे कसं, याचं राखीवांचं उत्तर तयार होतं: आम्ही उगाच बोंब मारत नाही, म्हणून आम्ही हाक मारली की लोक धावतात. समितीने यासाठी कंपनीला एक पितळी ढाल दिली होती. ती रिसेप्शनवर काचेत होती, आणि 'हाकेसरशी हजर' हे शब्द कंपनीच्या प्रत्येक माहितीपत्रकावर होते.

तरीही प्रकरण अखेर संचालिकाबाईंपर्यंत गेलं. गुरुवारी अकराला मीटिंग ठरली. एक तर राखीवांनी तातडीचा खण कायमचा एक करायचा, नाहीतर निवृत्तीला उरलेले चौदा महिने दुसऱ्या कोणाला तरी लायब्ररी शिकवण्यात घालवायचे. मग तो दुसरा पहिल्या दिवशी सकाळी काय करील, ते सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला ते सासऱ्यांना घेऊन घरातून निघाले. सासरे एक्क्याऐंशी वर्षांचे. तारऑफिसात चौतीस वर्षं काढलेले आणि गेली दोन वर्षं लेकीकडे राहायला आलेले. त्यांना वाटेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडून पुढे ऑफिसला जायचं, असा बेत होता. राखीवांच्या बॅगेत दोनशे बारा निरोपांची छापील यादी होती. मीटिंगमध्ये ते ती एक शब्दही न बोलता टेबलावर ठेवणार होते. हे न बोलणं त्यांनी आरशासमोर दोनदा करून पाहिलं होतं.

लिफ्ट त्यांच्याच कंपनीची होती. पाचव्या मजल्यावरून निघाली आणि तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये थांबली.

"थांबली," सासरे म्हणाले.

"एक मिनिट," राखीव म्हणाले, आणि घड्याळाकडे बघत खरोखरच एक मिनिट थांबले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आत वजन, आणि वर एक मिनिट झालेलं, एवढं जुळून आलं की डब्याने माणूस अडकल्याचा निरोप धाडायचा असतो. मिनिट भरलं. बटणांच्या वरचा बारीक हिरवा दिवा लागला.

"गेला. पोचलाही. दिवा लागला म्हणजे मिळाल्याची पोच आली."

"कोण पोचला?"

"निरोप. तातडीचा."

"मी दारावर काठी हाणू का?"

"कशाला बाबा? माणूस येतोच आहे. आपला वेळ शून्य मिनिटं आहे."

सासऱ्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "शून्य होऊन चार झाली."

मोबाइलला रेंज नव्हती. लिफ्टच्या पिंजऱ्यात रेंज मिळत नाही, हेच सांगून कंपनी डबे विकायची. राखीव भिंतीला टेकून उभे राहिले. मेकॅनिक आला की त्याला काय म्हणायचं याचा विचार ते करत होते. कौतुक करावं, पण फार नाही.

वीस मिनिटं झाली. सासरे राखीवांच्या बॅगेवर बसले.

"आमच्याकडे तातडीच्या तारेला दुप्पट दर असायचा," ते म्हणाले. "लोक हौसेनं करायचे. मी चौतीस वर्षांत जितक्या तातडीच्या तारा घेतल्या, त्यातल्या निम्म्यांत 'सुखरूप पोचलो' एवढंच होतं. आणि माणूस गेल्याची तार साध्या दरानं यायची. त्या घरात दुप्पट कुठून असायला?"

"तेच तर मी सांगतो ऑफिसात."

"तुम्ही सांगता खरं," सासरे म्हणाले. मग जरा सरकून बसले. "किती वेळ लागेल म्हणता? डोळ्याचं राहू द्या. माझं दुसरंच काम आहे. सकाळी दोन कप चहा झालाय."

"येईलच आता."

"ते कागद तरी द्या. मन रमवतो."

राखीवांनी यादी दिली. सासऱ्यांनी ती हात लांब करून धरली, मग जवळ आणली, मग कुठेतरी मध्ये स्थिर केली आणि बोटाने ओळी मोजत खाली जाऊ लागले. ते वाचत नव्हते, मोजत होते. तारऑफिसातली सवय.

"एकूण डबे किती बसवलेत तुम्ही?"

"दोनशे बारा."

"आणि हे तातडीचे?"

"दोनशे बारा."

सासऱ्यांनी बोट पुन्हा वर नेलं आणि पुन्हा खाली आणलं.

"प्रत्येक लिफ्टचा एकेकच आहे."

"हो. म्हणजे एका लिफ्टमध्ये सरासरी—"

"सरासरी नाही, जावईबापू. एकेक. कमी नाही, जास्त नाही." 'जावईबापू' हा शब्द ते फार विचार करून वापरायचे. "आमच्याकडे असा आकडा जुळला की कोणी पेढे वाटत नसे. आम्ही वही पुन्हा काढायचो. माणसं कधी इतकी शिस्तीत अडकतात होय? या आपल्या लिफ्टचा बघा बरं."

राखीवांनी कागद घेतला. त्यांच्या इमारतीचा निरोप सहा वर्षांपूर्वीचा होता, सात मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. तारीख त्यांना आठवली, कारण त्या दिवशी त्यांनी रजा काढली होती. स्वतःचा डबा स्वतःच्या इमारतीत बसताना बघायला ते मेकॅनिकच्या शेजारी गच्चीवर उभे होते. डबा बसवून झाल्यावर चालतो की नाही ते बघायला एक चाचणीचा निरोप धाडायचा असतो. ते बटण त्यांनी हौसेनं स्वतः दाबलं होतं. त्या दिवशी लिफ्टला दारंसुद्धा बसलेली नव्हती. अडकायला आत शिरणार कोण?

त्यांनी पेन काढलं आणि यादीच्या पाठीवर आठ खण काढले. मग सवयीने उजव्या टोकाच्या खणावर शून्य लिहिलं. ते उजवीकडून मोजत आले होते. त्यांच्या पिढीतला जो तो उजवीकडूनच मोजतो, कारण आकड्यात एकं उजवीकडे असतात, दहं त्यांच्या डावीकडे, आणि यंत्रही तसंच मोजतं. शून्य म्हणजे उजवीकडचा पहिला. सात म्हणजे डावीकडचा पहिला. यात विचार करण्यासारखं काही असेल असं त्यांना बारा वर्षांत वाटलंच नव्हतं.

पण नियमावलीला अडतिसावं पानही होतं. ते त्यांना पाठ नव्हतं. त्यांनी ते एकदाच वाचलं होतं, बारा वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत. दातात अडकलेलं काहीतरी संध्याकाळी जिभेला सापडावं तसं ते त्यांना आता सापडलं. परिशिष्ट तीन, शेवटची ओळ, बारीक टाइपात: खण डावीकडून मोजले आहेत.

म्हणजे त्यांची तातडी कंट्रोल रूमला चाचणी दिसत होती, आणि त्यांची चाचणी तातडी. डबा बसला की कंट्रोल रूमला वाटायचं माणूस अडकला. माणूस अडकला की वाटायचं कोणीतरी बटण दाबून बघतंय. मग ती पोच द्यायची, हिरवा दिवा लावायची आणि निरोप टाकून द्यायची. सगळं नियमाप्रमाणे, पान नऊ.

आणि हे कळलं कसं नाही? कळणार कसं? लायब्ररी तपासायला त्यांनी आपल्या टेबलावर एक खोटी कंट्रोल रूम बनवली होती, तीही स्वतःच, तीही उजवीकडून मोजणारी. स्वतःच विचारलं, स्वतःच उत्तर दिलं, आणि बारा वर्षं दोघांचं एकमत झालं.

हिरवा दिवा अजून जळत होता.

"बाबा," राखीव म्हणाले, "हाणा काठी."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, काठी उलटी धरली आणि दाराच्या पत्र्यावर असा दणका दिला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पाचव्या मजल्यावर राखीवांची बायको खाली जायला म्हणून चार मिनिटांपासून लिफ्टचं बटण दाबत उभी होती. ती जिन्यातून वाकली.

"बाबा? तुम्ही अजून इथेच?"

"इथेच. वर पण नाही आणि खाली पण नाही."

"आणि हे?"

"हेही आहेत. विचारात आहेत."

"अहो," ती दोन मजल्यांवरून म्हणाली, "तुमचा तो निरोप गेला नाही का?"

"गेला."

"मग?"

"चाचणी म्हणून गेला."

तिने पुढे काही विचारलं नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. तिने खाली वॉचमनला हाक मारली. वॉचमनच्या खोलीत भिंतीवर खडूने मेकॅनिकचा नंबर लिहिलेला होता. मेकॅनिक नऊ मिनिटांत आला. तो पलीकडच्याच गल्लीत होता. लिफ्ट हाताने खाली आणून त्याने दार उघडलं. सासरे एक शब्द न बोलता वॉचमनच्या खोलीमागच्या संडासाकडे त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने गेले.

"दर दोन-तीन वर्षांनी असतंच एखादं," वॉचमन म्हणाला. "मीच करतो फोन. त्यात काय."

राखीवांनी मेकॅनिककडे पाहिलं. "कंट्रोल रूमकडून तुम्हाला कधी कळलंय, माणूस अडकलाय म्हणून?"

"एरवी नाही. डबा बसवतो ना, त्या दिवशी येतो त्यांचा फोन. माणूस अडकलाय, लवकर पोचा. मी म्हणतो मी इथेच आहे. मग ते म्हणतात पोचलात, ठीक, आणि ठेवतात."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

मेकॅनिकला प्रश्नच कळला नाही. "मला वाटलं तशीच पद्धत आहे."

सासऱ्यांना बायकोच्या हवाली करून राखीव रिक्षात बसले. रिक्षातच त्यांनी मेल लिहिली, झालं ते सगळं, चूक माझी, डबे दोनशे बारा, दुरुस्ती दोन ओळींची. ती त्यांनी कंपनीतल्या सगळ्यांना पाठवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मेलवर तातडीची लाल खूण लावली. लावताना बोट क्षणभर थबकलं, पण विषय नियमात बसत होता.

मीटिंगला ते अर्धा तास उशिरा पोचले. आत सगळे हसत होते. विक्रीप्रमुखाने उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"सर, मी माझा मुद्दा मागे घेतो. जाहीरपणे. त्या बिटाला कोणी हात लावायचा नाही."

"काय झालं?"

"इस्पितळाची ऑर्डर," संचालिकाबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस लिफ्ट. आपलीच निवड का, तर तातडीला शून्य मिनिटं. बाकी कोणाकडे असा आकडाच नाही. तुम्ही जिंकलात. लायब्ररी तुमच्याकडेच राहील, जशी आहे तशी."

बारा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं समोर आलं, खुर्चीसकट. राखीव बसले नाहीत.

"मॅडम, माझी मेल वाचली नाही का?"

"कुठली?"

"तातडीची. दहा पंचावन्नला पाठवलीय."

बाईंनी फोन उघडला. सकाळपासून त्यांना एक्केचाळीस मेल आल्या होत्या, त्यातल्या अडतीस लाल. "यातली कुठली म्हणता?"

तेव्हा राखीवांनी ती तोंडीच सांगितली. 

"बारा वर्षांत अडकले किती?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. तेच सांगतोय. आपल्याला माहीत नाही."

"सर," विक्रीप्रमुख अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बारा वर्षं चाललं, तर बारा दिवस काय? ऑर्डरवर सही होऊ द्या. मग तुमच्या दोन ओळी बदला. कोणाला कळतंय?"

"इस्पितळाच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर असतं," राखीव म्हणाले.

"पण लोक वॉचमनला हाक मारतातच ना."

"स्ट्रेचरवरचा माणूस काठी हाणत नाही."

विक्रीप्रमुखाला काहीतरी सुचलं. "म्हणजे मी म्हणत होतो तसा तो बिट कायमचा एक केला असता, तर?"

"तर आपला प्रत्येक निरोप चाचणी म्हणून टाकून दिला गेला असता. दोनशे बारा लिफ्ट एका दिवसात मुक्या झाल्या असत्या."

"आणि ते कोणाला कळलं असतं का?"

राखीवांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

बाईंनी इस्पितळाला कळवलं. अठ्ठावीसच्या चार लिफ्ट झाल्या, त्याही प्रायोगिक. लायब्ररी राखीवांकडून काढून घ्यायचंही ठरलं, पण घ्यायला कोणी पुढे येईना. बारा वर्षांच्या चुकीचं खापर कोण आपल्या डोक्यावर घेणार? पंधरा दिवस विचारणा झाली. एकाला अचानक पाठदुखी लागली, दुसरीने दुसऱ्या खात्यात बदली मागितली. शेवटी लायब्ररी होती तिथेच राहिली. ज्या आकड्याच्या जोरावर ती आपल्याकडे राहावी अशी त्यांची इच्छा होती, तो आकडा गेला. लायब्ररी राहिली ती दुसऱ्या कोणाला नको म्हणून.

दोन ओळी बदलायला त्यांना एक मिनिट लागलं आणि मागचा हिशेब लावायला तीन आठवडे. मेकॅनिकांच्या डायऱ्या, वॉचमनांची आठवण, भिंतीवरचे खडूचे आकडे, सगळं जमवून त्यांनी खरी यादी बनवली. एकशे त्रेसष्ट वेळा माणसं अडकली होती. सगळ्यात जास्त वेळ एक शिवणकाम करणाऱ्या बाई, दोन तास चाळीस मिनिटं. हातात कपड्यांचा गठ्ठा होता. तेवढ्यात त्यांनी अकरा काजं करून घेतली होती. राखीव त्यांच्याकडे माफी मागायला गेले. बाई म्हणाल्या, उजेड चांगला होता हो. हे त्यांना शिव्यांपेक्षा जड गेलं.

पितळी ढाल परत घ्यायला समिती तयार नव्हती. परत घेण्याचा नियमच नियमावलीत नव्हता. रिसेप्शनवर ती ठेवणंही बरं दिसेना. एका संध्याकाळी राखीव ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आले आणि कपाटाच्या खालून दुसऱ्या खणात ठेवली. बरोबर मावली.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "लागला ना शेवटी."

"याच्यासाठी अकरा वर्षं?" ती म्हणाली, आणि उरलेल्या जागेत तिने दोन साड्या ठेवल्या.

एक काम मात्र उरलं होतं. नवी लायब्ररी खरोखर चालते की नाही ते बघायचं होतं, आणि या वेळी स्वतःच्या टेबलावरच्या खोट्या कंट्रोल रूमवर नव्हे. आणि इथेच त्यांचं घोडं अडलं. चाचणीचा खण लावावा, तर निरोप टाकून दिला जाणार, म्हणजे काहीच सिद्ध होणार नाही. तातडीचा लावावा, तर माणूस अडकलेला नसताना लावल्यासारखं होणार. हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. दोन दिवस ते जेवताना याच विचारात असत.

"माणूस अडकायलाच हवा ना?" सासरे म्हणाले. "मग अडकू की. चला."

"मुद्दाम अडकणं खोटंच झालं, बाबा."

"लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आपण आत, बाहेर पडता येत नाही. यात खोटं काय आहे ते सांगा. मुद्दाम का होईना, अडकलो ते अडकलो."

राखीवांनी पान नऊ मनात म्हणून पाहिलं. 'मुद्दाम' हा शब्द त्यात नव्हता.

रविवारी सकाळी दहाला दोघं लिफ्टमध्ये शिरले. सासऱ्यांनी सकाळपासून चहा घेतला नव्हता, आणि आधी संडासला जाऊन आले होते. बरोबर एक घडीचं स्टूल आणि वर्तमानपत्र. बायको पाचव्या मजल्यावर घड्याळ घेऊन उभी. वॉचमनला ताकीद दिलेली, काही झालं तरी फोन करायचा नाही. तो जरा दुखावलाच होता. तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये राखीवांनी थांबण्याचं लाल बटण दाबलं.

एका मिनिटाने हिरवा दिवा लागला. या वेळी राखीवांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

पाच मिनिटं. दहा. सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पहिलं पान संपवलं. पंधरा. राखीवांच्या शर्टाची पाठ भिजली. वीस. वरून बायको म्हणाली, "करू का फोन?" आणि खालून वॉचमन आशेने म्हणाला, "करू का?"

"नाही," राखीव म्हणाले.

सव्विसाव्या मिनिटाला जिन्यात धावत्या चपलांचा आवाज आला आणि मागोमाग मेकॅनिकचा. "आहात का आत? खरंच आहात?"

"आहोत," सासरे म्हणाले. "दोघं. सुखरूप."

राखीवांनी लाल बटण सोडलं. लिफ्ट खाली गेली, दार उघडलं. मेकॅनिक घामाघूम, शर्टाची बटणं खालीवर लावलेली.

"कंट्रोल रूमचा फोन आला होता?" राखीवांनी विचारलं. "तुम्हाला? त्यांचा? आपणहून?"

"आला ना. दहा वाजून दोन मिनिटांनीच आला. माणूस अडकलाय म्हणाले. मी म्हटलं मी इथेच आहे. ठीक म्हणाले, ठेवला." मेकॅनिकने कपाळ पुसलं. "मग दाढी करता करता डोक्यात आलं, आज रविवार आहे, मी कुठला डबा बसवतोय? तसाच पळत आलो."

बायको जिना उतरून खाली आली होती. तिने घड्याळ पुढे केलं.

"म्हणजे त्यांच्याकडे नोंद काय झाली?" राखीव म्हणाले.

"पोचलो अशी. लगेच."

"शून्य मिनिटं."

"नेहमीसारखी," मेकॅनिक म्हणाला. थोडं कौतुकाच्या अपेक्षेनेच म्हणाला.

राखीवांनी त्याच्यासाठी वॉचमनच्या खोलीतली खुर्ची बाहेर आणली, पाण्याचा तांब्या आणला, आणि तो अर्धा तांब्या पिईपर्यंत थांबले. मग त्याच्याकडून कंट्रोल रूमचा नंबर घेऊन आपल्या फोनवरून लावला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांच्या मागे बरेच फोन वाजत होते.

"दहा वाजून दोन मिनिटांची तातडीची नोंद," राखीव म्हणाले. "त्यात शून्य मिनिटं लिहिलंय. ते बदलायचं आहे."

"मेकॅनिक पोचलेत ना? मग बरोबरच आहे."

"आता पोचलेत. तेव्हा नव्हते. सव्वीस मिनिटं लागली."

"साहेब, शून्य चांगलं दिसतं. सव्वीस लिहिलं तर तुमच्याच कंपनीला—"

"सव्वीस लिहा," राखीव म्हणाले. "मी थांबतो. तुम्ही लिहा आणि मला वाचून दाखवा."